थळात नसलेले थळकर

अलिबागजवळ समुद्राला लागून थळ नावाचं गाव आहे. त्या गावात एकही थळकर राहत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, स्वतः जाऊन विचारून आलो आहे. मास्तरकीची नोकरी लागली त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तिथं गेलो होतो. किनाऱ्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्याला विचारलं, की इथं थळकरांची घरं कुठल्या बाजूला आहेत. त्यानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "थळात थळकर कशाला असंल? इथून गेला तो थळकर." एवढं बोलून त्यानं पुन्हा सुई चालवायला घेतली. पुढं तीसेक वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं, पिवळे वाटाणे आणि हिरवे वाटाणे फळ्यावर काढून आनुवंशिकता समजावली, पण आडनावाबद्दल इतकं नेमकं कुणी मला सांगितलेलं नाही. गावाचं नाव लावतो तो गाव सोडून आलेला. आमच्या खापरपणजोबांनी कधीतरी थळ सोडलं आणि बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावरच्या कोळीवाड्यात येऊन राहिले. कधी आले, का आले, होडीनं आले की पायी, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मला लहानपणापासून असल्या गोष्टींची फार चौकशी. आई म्हणायची, ह्याच्या नाकापेक्षा ह्याची चौकशी लांब आहे. आणि ती खरंच एकदा इतकी लांब गेली, की माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडायची पाळी आली.

आमच्या कोळीवाड्यात आडनाव कुणी वापरतच नसे. ते शाळेच्या दाखल्यात आणि रेशनकार्डावर असायचं, म्हणजे ट्रंकेत असायचं. माणसं ओळखली जायची ती घरावरून. आम्ही पिंपळाखालचे. आमच्या मागे राहायचे ते विहिरीवरचे. एका घरात कधीकाळी कुणी भोंगा वाजवायच्या नोकरीला होता, ते सगळे भोंगेवाले. त्यांच्यातल्या दोन पिढ्यांनी भोंगा बघितलाही नव्हता. थळकरांची आमच्यासकट पाच घरं होती, पण पाचांना मिळून थळकर म्हणायची वेळ वर्षातून एकदाच यायची, नारळी पुनवेला. दर्याला पहिला नारळ द्यायचा मान थळकरांचा आणि थळकरांत थोरलं घर आमचं, म्हणून नारळ बाबांच्या हातात. तो सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दोन दिवस आधीपासून देव्हाऱ्यापाशी ठेवलेला असे. बाबा एरवी बोलायला मोकळे, शिव्याही सढळ, पण त्या दिवशी सकाळी आंघोळ केली की नारळ पाण्यात पडेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. पांढरा सदरा, डोक्याला लाल टोपी, दोन्ही हातांत नारळ आणि मागून सगळा कोळीवाडा वाजतगाजत. मी त्यांच्या डाव्या बाजूला, सदऱ्याचं टोक धरून. वर्षभर माझा बाप खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतलेला असायचा. त्या एका दिवशी तो कोरड्या वाटेनं चालायचा आणि लोक बाजूला व्हायचे.

घर आमचं दोन खोल्यांचं, पुढं अंगण. अंगणात बांबूच्या काठ्यांवर बोंबील सुकायचे आणि जमिनीवर जवळा पसरलेला असायचा. कावळे हाकलायचं काम ताईचं. हातात लांब काठी घेऊन ती उंबऱ्यावर बसायची आणि दुसऱ्या हातानं तांदूळ निवडायची. कावळ्याकडे न बघता तिची काठी बरोबर त्याच्यापाशी आपटायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, नाव हिरा. आई पहाटे पाटी घेऊन बाजाराला जायची ती दुपारी यायची, त्यामुळे मला वाढवलं ते खरं ताईनंच. तांदळाची भाकरी आणि चिखलातल्या नेवट्या माशांचं तिखट कालवण ती असं करायची, की शेजारची माणसं वास घेऊन वाटी पुढं करायची. चिंबोऱ्या असल्या तर त्या खेकड्यांच्या नांग्या, म्हणजे डेंगे, ती माझ्यासाठी आधीच फोडून ठेवायची. आज ती पंच्याहत्तरीला आली आहे आणि दहिसरला टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहते. अजूनही मी जेवायला गेलो की डेंगे फोडलेले असतात, जणू मला दात आलेच नाहीत. आता खरं तर ते पुन्हा गेले आहेत, तेव्हा तिचंच बरोबर.

आणखी एक चाल आधीच सांगितली पाहिजे, कारण पुढं सगळं तिच्यावर येतं. भावकीत कुणी मेलं तर आमच्यात दहा दिवस चुलीवर तेल चढायचं नाही. फोडणी नाही, तळण नाही. भात, वरण, उकडलेलं काय असेल ते मीठ घालून खायचं. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचं सुतक तीनच दिवस, कारण ती दुसऱ्या भावकीची झाली. आणि भावकी म्हणजे नुसते लागून राहणारे नव्हेत. ज्यांचा मूळपुरुष एक, ते. त्यांच्यात सोयरीक होत नाही, कारण ती बहीणभावंडं धरली जातात, मग मध्ये दहा पिढ्या गेलेल्या का असेनात. कोण भावकीतलं आणि कोण नाही, याचा कुणाकडे कागद नव्हता. कुणाच्या मरणाला कुणाच्या चुलीवर तेल चढलं नाही, हाच कागद.

ताईचं लग्न जमलं ते मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात. आई आठवड्यातून एकदा तिथं सुके बोंबील घेऊन जायची. तिच्या शेजारी वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची, एक बाई बसायची. पाच-सहा वर्षं दोघी एकमेकींना तंबाखूची मिश्री देत होत्या, गिऱ्हाईक सांभाळत होत्या, आणि एकमेकींना ओळखत होत्या ते फक्त "बोरिवलीवाली" आणि "वेसाववाली" म्हणून. एक दिवस वेसाववालीनं विचारलं, तुझी पोर माझ्या दामूला देशील का. आईनं घरी येऊन सांगितलं, बाबा जाऊन मुलगा बघून आले. त्यांचं घर तिकडं दोन दारवाल्यांचं म्हणून ओळखलं जायचं. दामू बोटीवर इंजिनाचं काम करायचा, दारू पीत नव्हता आणि बाबांसमोर चहाची बशी धरताना त्यानं अर्धा चहा सदऱ्यावर सांडला, हे बाबांना सगळ्यात आवडलं. दामूला घेऊन ती माणसं आमच्याकडे आली तेव्हा ताईनं त्याला चहा दिला आणि एकदा नीट बघून घेतलं. नंतर आठ दिवस ती कावळ्यांवर काठी आपटायला विसरत होती. जवळा कावळ्यांनी खाल्ला आणि आईनं तिला काही म्हटलं नाही. साखरपुडा झाला, वैशाखातला दिवस धरला. एवढं सगळं होऊन दोन्ही घरांनी एकमेकांचं आडनाव विचारलं नव्हतं. आज सांगितलं तर खोटं वाटेल, पण कोळीवाड्यात तसंच होतं. विचारायचं कशाला, घर तर माहीत होतं.

माझं अक्षर चांगलं म्हणून लग्नपत्रिकेचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दहावीत होतो आणि छापील अक्षरांत आपलं लिहिलेलं येणार या कल्पनेनंच हवेत होतो. बाबांनी वेसाव्याच्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, पानं लावणं चाललं होतं. मी वही घेऊन ओटीवर बसलो आणि वधूपक्षाचं सगळं नीट लिहून काढलं. मग दामूच्या वडलांना विचारलं, "मामा, तुमचं आडनाव काय लिहू?" ते पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "थलकर." आमच्या कोळीवाड्यात ळ असा कुणी म्हणत नाही, तो ल होऊनच बाहेर येतो. मला वाटलं, ते आमचंच सांगताहेत. मी म्हटलं, ते आमचं झालं, तुमचं सांगा. ते पुन्हा म्हणाले, थलकरच. मग त्यांचा चुन्याचा हात थांबला आणि आईनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मी वहीत वरती थळकर आणि खालती थळकर लिहून बसलेला.

पुढचा आठवडाभर आमच्या अंगणातून माणसं उठत नव्हती. कोळीवाड्याचे पाटील आले, वेसाव्याहून दोन जाणते आले. बाबांनी पहिल्या दिवशी तोल सोडला नाही. ते म्हणाले, आमच्या घरातला पहिला पोरगा शाळेत गेला तेव्हा मास्तरनं विचारलं, मूळचे कुठले, सांगितलं, थळचे, मास्तरनं थळकर लिहिलं. वेसाव्याच्या शाळेतही असाच कुणी मास्तर असेल. थळहून आलेल्या सगळ्यांचा बाप काय एकच असतो? हे पाटलांना पटत चाललं होतं. मलाही पटलं होतं आणि माझा जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात गोदाआजी बोलली. ती थळकरांच्या दुसऱ्या घरातली सर्वांत म्हातारी सून, बाबांची चुलती लागायची, आणि बाबांवर तिचा फार जीव. वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं. तिला आठवलं ते ती बोलली. "मी नवी नवरी व्हते तवा वेसाव्याचा दोन दारवाल्यांचा म्हातारा मेला," ती म्हणाली. "माज्या सासूनं दा दिस चुलीवं त्याल घातला नाय. माहेराशी आणलेला सगला तसाच रायला. ती आपली भावकी हाय." नव्या नवरीला दहा दिवस उकडलेलं खावं लागलं, ते ती कशी विसरेल. वेसाव्याचे जाणते उठले आणि पायात वहाणा घालायला लागले. बाबांनी त्यांच्याकडे दोन दिवस मागून घेतले.

ते दोन दिवस मी घरात चोरासारखा वावरलो. ताई रडत नव्हती. अंगणात बसून काठीनं कावळे हाकलत होती, पुन्हा आधीसारखी, एकही नेम न चुकवता. तिच्या साखरपुड्याच्या हिरव्या साडीची घडी आईनं ट्रंकेत ठेवून दिली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू विचारलंस कशाला रे, बाबू?" आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी नुसता पत्रिकेत "दोन दारवाले" लिहू शकलो असतो, हे मला आजही अधूनमधून आठवतं. बाबा त्या दोन दिवसांत दर्यावर गेले नाहीत. पिंपळाखाली फाटकं जाळं घेऊन बसायचे. ताई उंबऱ्यावर, बाबा पिंपळाखाली, मध्ये जवळा पसरलेला. बाबा जाळ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते.

तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जमले. बाबा उभे राहिले. ते नारळाच्या दिवसासारखे आंघोळ करून आले होते. म्हणाले, "माजा आजा थलकर नव्हता. वाहत्या होरीत गावलेला पोर. थलकरांनी पोसला न् नाव दिला. आमी सुतक पाललां ते उपकाराचा, रक्ताचा नाय." म्हणजे आमच्या पणजोबांना थळकरांनी होडीत सापडलेलं पोर म्हणून वाढवलं, आणि आमच्या घराचं थळकरांशी रक्ताचं नातंच नाही. गोदाआजी तोंडाला पदर लावून बाबांकडे बघत राहिली. ती बाहेरून आलेली सून, तिच्या आधीच्या गोष्टी तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असत्या ते सगळे गेलेले. पाटील म्हणाले, असं असेल तर देवीची शपथ घे. तेव्हा बाबा जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगू शकतो, कारण ते मी आयुष्यभर मनात घोळवलं आहे. "शपथ नको घालू, पाटील. नारलाचा मान सोरतंय मी. त्यान सगला आला."

थळकर नसलेल्यानं थळकरांचा नारळ कसा धरायचा, हा प्रश्न पाटलांनी विचारण्याच्या आतच बाबांनी त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. मान गोदाआजीच्या मुलाकडे गेला. आणि ज्या माणसानं आपला मान आपणहून सोडला, त्याच्याकडे आणखी शपथ कोण मागणार? वैशाखात ताईचं लग्न झालं. पत्रिकेत वर थळकर आणि खाली थळकर असंच छापलं. हळदीच्या दिवशी ताई मला बाजूला घेऊन माझ्या दोन्ही गालांना हळद फासून हसली, म्हणजे मला माफी मिळाली. श्रावणात नारळी पुनव आली तेव्हा बाबांनी सकाळी आंघोळ केली, सदरा घातला, आणि दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग मिरवणूक निघाली, तेव्हा घोळक्याच्या शेवटी, पोरांच्याही मागून, मोकळ्या हातांनी चालत गेले. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. सदऱ्याचं टोक धरायचं वय आता राहिलं नव्हतं, तरी मी धरलं.

नंतरची एक गोष्ट मला त्या वेळी विचित्र वाटली होती. ताईच्या लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील, गोदाआजी गेली. थळकरांच्या चारही घरांत तेल बंद झालं. त्याच दिवशी बाबा बाजारातून ओले बोंबील घेऊन आले आणि आईला म्हणाले, तळ. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते म्हणाले, दार उघडं ठेवून तळ. गोदाआजीनं ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, तो माणूस तिच्या मरणाच्या दिवशी बोंबील तळायला सांगतो, आणि तेही वास गल्लीभर जाईल अशा बेतानं, याचा मला इतका राग आला की काय सांगू. पण पोटात भूक होती आणि मी अठरा वर्षांचा होतो. आईनं बाबांच्या ताटात चार तुकड्या वाढल्या. त्यांनी त्या उचलून माझ्या ताटात टाकल्या आणि म्हणाले, पोट बिघडलंय माझं, मला भात आणि मीठ दे. मी त्यांच्या तुकड्या मिटक्या मारत खाल्ल्या. त्यांचं पोट दहा दिवस बिघडलेलं राहिलं. घरात रोज कढई चढत होती आणि बाबा रोज मीठभात खात होते. मी आईला म्हटलंसुद्धा, की ह्यांना डॉक्टरकडे न्या. आई म्हणाली, होईल बरं. अकराव्या दिवशी ते बरं झालं.

बाबा गेले तेव्हा मी नोकरीत कायम झालो होतो. आमच्या घरी दहा दिवस तेल चढलं नाही. थळकरांच्या चार घरांनी पाळलं नाही, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? बाबांनीच चारचौघांत सांगितलं होतं की आपण एक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओटीवर बसलो होतो तेव्हा मागच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला. वास चांगला होता आणि मी रडलो. ताई वेसाव्याहून आली होती, भाऊजींसोबत. तिनं लग्न झालेल्या मुलीचे तीन दिवस पाळले, भाऊजींनीही तिच्याबरोबर तीन पाळले, आणि चौथ्या दिवशी ती संसाराला परत गेली.

हे सगळं मी असंच ट्रंकेत ठेवून दिलं असतं, पण मध्ये आली ताईची नात सई. तिला माझी चौकशी मिळाली आहे. कुठल्या वाटेनं, ते वाटाणेच जाणोत. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकते. मागच्या वर्षी तिनं प्रकल्प घेतला: आडनाव एकच असलेल्या, पण वेगवेगळ्या गावांत वाढलेल्या माणसांचं रक्तही एक असतं का. मला तिनं समजावून सांगितलं, आणि मीही मास्तरकी विसरून ऐकून घेतलं. बापाकडून मुलाला एक भाग जवळजवळ जसाच्या तसा मिळतो, त्यात आईचं काही मिसळत नाही. म्हणून पुरुषांची ती ओळ आडनावासारखीच पिढ्यान् पिढ्या खाली येते. तिला दोन प्रकारच्या जोड्या हव्या होत्या, जुळतील अशा आणि जुळणार नाहीत अशा. जुळणाऱ्या तिनं इकडून तिकडून मिळवल्या. "मामाआजोबा, न जुळणारी जोडी तर आपल्या घरातच आहे ना," ती म्हणाली. "आजोबा आणि तुम्ही. नाव सेम, रक्त वेगळं. झकास केस आहे." होडीत सापडलेल्या पोराची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तिनं भाऊजींच्या आणि माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. भाऊजी म्हणाले, तोंडात काही सापडलं तर सांग, परवापासून कवळी सापडत नाही.

ते निकाल आले तेव्हा मी दहिसरलाच होतो. रविवार होता. ताई स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. सई लॅपटॉप घेऊन आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. ती एरवी धडाधड बोलणारी मुलगी, त्या दिवशी आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "तुमची जोडी जुळते. बाकीच्यांपेक्षा जास्त जुळते." तिनं दोनदा तपासून घेतलं होतं. किती पिढ्यांमागे आपण एक होतो, ते नक्की सांगता येत नाही, पण बापांची ओळ एकच आहे आणि ती फार लांबची नाही, असं ती म्हणाली. तिचा प्रकल्प बिघडला होता आणि तिचे डोळे चमकत होते. भाऊजींनी चष्मा काढला. म्हणाले, "म्हणजे सासऱ्यांनी खोटं सांगितलं?"

मी मास्तर, पुराव्यावाचून बोलायची सवय नाही. मी म्हटलं, तसं सिद्ध होत नाही. होडी थळच्याच बाजूनं वाहत आली असेल, त्यातलं पोर थळातल्याच कुणाचं असेल, तुमच्याच मूळपुरुषाचं असेल. तसं असलं तरी ओळ जुळेल. बाबा खरं बोलले असं धरूनही हा निकाल येऊ शकतो. सई मान हलवत होती, शास्त्राला धरून होतं ते. आणि हे बोलता बोलताच मला मीठभाताचं ताट आठवलं. शपथ घ्यायला नकार देणारा माणूस आठवला. बाबांना ठाऊक होतं. त्या पिंपळाखालच्या दोन दिवसांत ती होडी त्यांनी स्वतः बांधली होती, तिच्यात एक पोर बसवलं होतं आणि ती आमच्या अंगणात आणून लावली होती. देवीसमोर खोटं बोलायचं नव्हतं म्हणून शपथेऐवजी नारळ दिला. आणि गोदाआजी गेली तेव्हा गल्लीला वास जावा म्हणून कढई चढवली, आणि स्वतः दहा दिवस भावकी पाळली. आमच्या घरात ते सुतक त्यांनी कोळीवाड्याला कळू न देता एकट्यानंच पाळलं, आणि मी त्याला पोट बिघडणं समजलो.

हे मी मोठ्यानं सांगत होतो, हे माझ्या लक्षात आलं ते ताई दारात उभी दिसली तेव्हा. तिच्या हातात झारा होता. गोदाआजी गेली तेव्हा ती वेसाव्याला होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "किती दिवस खाल्ला मीठभात?"

"दहा," मी म्हटलं.

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग कढई उतरवल्याचा. बाहेर येऊन ती भाऊजींच्या शेजारी बसली आणि पदरानं हात पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत होती. "बाबा गेले तेव्हा मी तीन पाळले," ती म्हणाली. "लेक म्हणून. थळकरांची सून म्हणून दहा होते." मग भाऊजींकडे बघून म्हणाली, "आपल्या दोघांचे सात राहिलेत." भाऊजींनी तिचं हात पुसणं थांबवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. तळून झालेल्या तुकड्या सई खाली वॉचमनला देऊन आली. त्या दुपारी आम्ही चौघांनी वरणभात खाल्ला, वर मीठ. ताई जेवताना रडली, आणि मग मला म्हणाली की बरं झालं तू तेव्हा विचारलंस, नाहीतर बापानं माझ्यासाठी काय केलं ते मला कधी कळलं नसतं.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, की आजपासून माझ्यासाठी फोडणी नको. बाबांचे माझे दहा कधीच झाले होते. पण गोदाआजीचे एकही झाले नव्हते, उलट तिच्या सुतकात मी माझ्या वाट्याच्या आणि बाबांच्या वाट्याच्याही तुकड्या खाल्ल्या होत्या. बायकोनं डॉक्टरकडे जाऊ या का विचारलं. मी म्हटलं, होईल बरं.

आठव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. आज तेल चढवलंय, ओले बोंबील आणलेत, दुपारी जेवायला ये. मी म्हटलं, आज नको, माझे अजून तीन आहेत. तिनं कुणाचे म्हणून विचारलं नाही. थोडा वेळ फोनवर कढईचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ती म्हणाली, "बरं. मग आम्ही पण थांबतो."